मीडिया रिअॅक्टर आणि रीफ टँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीडिया रिअॅक्टर म्हणजे नक्की काय? तोच मीडिया पिशवीत घालून सम्पमध्ये टाकला तर काय बिघडतं?

मीडिया म्हणजे रीफ टँकच्या, म्हणजे कोरलं पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, पाण्यातली नको ती द्रव्यं काढणारे दाणे. सम्प म्हणजे उपकरणं ठेवायची टँकची जोड-टाकी. रिअॅक्टर म्हणजे एक बंद नळकांडं. एका बाजूने पाणी आत येतं, मीडियाच्या थरातून जातं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. पाण्याला दुसरी वाटच नसते, म्हणून मीडियाच्या दाण्यादाण्याला पाणी लागतं. पिशवीचं तसं नसतं. पाणी सोपी वाट शोधतं आणि पिशवीला वळसा घालून निघून जातं. आतला मीडिया कोरा राहतो आणि बाहेरचा आधी संपतो.

पिशवीने काहीच होत नाही असं मात्र समजू नका. छोट्या टँकला प्रवाहाच्या तोंडाशी ठेवलेली कार्बनची (सक्रिय कोळशाची) पिशवी पुरते, अधूनमधून ती हाताने हलवली म्हणजे झालं. जीएफओ, म्हणजे फॉस्फेट ओढून घेणारा दाणेदार फेरिक ऑक्साइड, पिशवीत लवकर चिकटून बसतो. बायोपेलेट, म्हणजे जिवाणूंना खायला घालायचे मणी, तर पिशवीत ठेवूच नका.

माझ्या टँकला रिअॅक्टर लागेल का?

आधी फॉस्फेट आणि नायट्रेट मोजा. मग खाऊ किती पडतो ते बघा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) नीट चालतोय का ते बघा, पाणी बदलणं वेळेवर होतंय का ते बघा. एवढं करूनही फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या (दशलक्ष भागांतले भाग) वर चढत राहिलं, तर रिअॅक्टरचा विचार करा. "सगळ्यांकडे आहे म्हणून" घेतलेल्या रिअॅक्टरने टँक सुधारल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. बिघडलेले बरेच पाहिलेत.

कुठला मीडिया किती फिरवायचा?

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, कारण रिअॅक्टर तोच असला तरी प्रत्येक मीडियाला चाल वेगळी लागते.

जीएफओचा फक्त वरचा थर हलला पाहिजे. वाळूतून बारीक झरा फुटतो तेव्हा वरचे चार दाणे जसे थरथरतात, तेवढंच. सगळा थर उसळायला लागला की दाणे एकमेकांवर घासून त्यांची पूड होते आणि सम्पमध्ये विटेच्या रंगाचं पाणी येतं. दाणे अजिबात हलले नाहीत तर उलटी अडचण, आठ-दहा दिवसांत त्यांचा गठ्ठा होतो.

कार्बनला फिरण्याची गरजच नाही. दोन स्पंजांमध्ये हलका दाबून बसवला आणि पाणी संथ जाऊ दिलं की पुरे. मऊ, ठिसूळ कार्बन घुसळला की काळी धूळ सुटते. सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर खड्डे पडण्याच्या आजाराशी या धुळीचा संबंध जोडला गेलाय. त्यामुळे टँग, म्हणजे हेच सर्जनफिश, पाळणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. दाणा कडक घ्या आणि घालण्याआधी भरपूर धुवा.

बायोपेलेट मात्र सतत गडबडा लोळत राहिले पाहिजेत, तळापासून वरपर्यंत. एकही कोपरा निवांत राहता कामा नये.

नवीन जीएफओ कसा धुवायचा आणि किती घालायचा?

हाताने चोळून धुऊ नका, त्याने आणखी पूड होते. रिअॅक्टर भरा, बाहेरची नळी बादलीत सोडा आणि आरओडीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी किंवा पाणी बदलताना काढलेलं टँकचं पाणी त्यातून जाऊ द्या. पहिलं पाणी गंजलेल्या लोखंडासारखं लालभडक येतं, मग चहासारखं, मग फिकट पिवळं. पांढऱ्या बादलीचा तळ स्वच्छ दिसला की नळी सम्पमध्ये न्या. पहिला दिवस तिच्या तोंडाला फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) असू द्या.

प्रमाण पाकिटावर असतं. सुरुवातीला त्याच्या निम्मं घाला, आणि फॉस्फेट बरंच वर असेल तर त्याहूनही कमी. मी हे एकदा पाळलं नाही. फॉस्फेट ०.२५ होतं, मनाला लागलं, आणि पूर्ण मात्रा एका दमात भरली. तिसऱ्या दिवशी मीटरवर ०.०१. मी खूश. पाचव्या दिवशी फांद्यांच्या कडक कोरलांपैकी सर्वांत जुन्या अॅक्रोपोराच्या बुडाशी नखाएवढा पांढरा पट्टा दिसला आणि तो रोज थोडा थोडा वर सरकत गेला. वरच्या फांद्यांचे तुकडे तोडून वेगळे लावले म्हणून वाण तरी राहिलं.

फॉस्फेट वर होतं तोवर ते कोरल बरं होतं. त्याला मारलं ते त्या तीन दिवसांच्या उतरणीने. म्हणून ०.२५ वरून ०.०५ वर यायला चार-सहा आठवडे लागले तर लागू द्या. दर तीन-चार दिवसांनी मोजा. आकडा धाडकन पडतोय असं दिसलं तर पंप बंद करा किंवा थोडा मीडिया काढून घ्या.

जीएफओ बदलायची वेळ कशी ओळखायची? महिन्याने बदला असं सांगतात.

कॅलेंडर बघून बदलू नका. रिअॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी तपासा.

एकाच वेळी दोन नमुने घ्या, एक टँकमधला आणि एक रिअॅक्टरच्या बाहेरच्या नळीतला. समजा टँकमध्ये ०.१२ आहे आणि नळीत ०.०३, तर मीडिया जोरात काम करतोय. नळीत ०.०८ म्हणजे दमत आलाय. दोन्हीकडे सारखंच आलं की संपला. फॉस्फेट जास्त असलेल्या टँकमध्ये पहिली मात्रा आठवड्याभरातही संपू शकते. स्थिरावलेल्या टँकमध्ये तीच दोन महिनेही पुरते. दोघांना एकच तारीख कशी लागू पडेल?

मोजण्याबद्दल थोडं. हॅना कंपनीच्या अतिकमी पल्ल्याच्या फॉस्फेट चेकरची (छोट्या मीटरची) अचूकताच ±०.०२ पीपीएमच्या आसपास आहे. म्हणजे ०.०३ आणि ०.०४ यांत फरक आहे असं मानून डोकं फोडून घेण्यात अर्थ नाही. त्याच कंपनीचा दुसरा चेकर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतो आणि तोही पीपीबीत (अब्ज भागांतले भाग). त्या आकड्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. उदाहरणार्थ २० पीपीबी फॉस्फरस म्हणजे साधारण ०.०६ पीपीएम फॉस्फेट. मोजायच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा हलतो, म्हणून दर वेळी मऊ कापडाने पुसा.

फॉस्फेट खाली आणलं, मीडिया काढला, आठ दिवसांत परत वर. मीडिया नकली होता का?

बहुधा नाही. खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून राहतं. टँकमध्ये वर्षानुवर्षं फॉस्फेट जास्त असेल तर खडकांनी ते भरपूर साठवलेलं असतं. पाण्यातलं कमी झालं की खडक आपल्याकडचं हळूहळू सोडायला लागतो आणि पाण्यातला आकडा पुन्हा चढतो. तुम्ही पाणी साफ करताय असं वाटतं, प्रत्यक्षात उपसणं चाललेलं असतं खडकांचं.

यावर उपाय धीराचाच. लहान मात्रा, नियमित तपासणी, बाहेरच्या नळीचा आकडा टँकच्या जवळ आला की बदल. सुरुवातीच्या दोन-तीन मात्रा पटापट संपतील, पुढे प्रत्येक मात्रा आधीच्यापेक्षा जास्त टिकेल. असं टिकणं वाढत गेलं की खडक रिकामे होत आलेत असं समजा. गोठवलेला खाऊ वितळवून त्याचं पाणी गाळून टाकत नसाल तर तेही सुरू करा, मात्र त्याने चमत्कार होईल ही आशा ठेवू नका. फॉस्फेट मुख्यतः खाऊमध्येच असतं, त्या पाण्यात थोडंच.

रिअॅक्टर उघडला तर आतल्या जीएफओचा दगड झाला होता. असं का?

प्रवाह कमी पडला, हे पहिलं कारण. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. जीएफओच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट साचतं आणि दाण्याला दाणा सिमेंटसारखा जोडला जातो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) आणि कॅल्शियम जास्त असलेल्या टँकमध्ये हे लवकर होतं. रिअॅक्टर लावल्यावर अल्कलिनिटी थोडी घसरल्याचं दिसतं, त्यातला काही भाग असाच खर्ची पडतो. पोषकद्रव्यं कमी ठेवणाऱ्या टँकमध्ये अल्कलिनिटी ७ ते ८.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) बरी. फॉस्फेट तळाला आणि अल्कलिनिटी ११ अशी जोडी असली की एसपीएस (लहान पॉलिपांच्या कडक) कोरलांची टोकं जळालेली दिसतात.

गठ्ठा झालाच तर चमच्याने खणत बसू नका, अॅक्रिलिकला चरे पडतात. नळकांडं व्हिनेगर-पाण्यात बुडवून ठेवा, सुटेल. तो मीडिया मात्र फेकायचा.

कार्बन सतत ठेवावा की अधूनमधून?

यात दोन पंथ आहेत आणि दोघांचे टँक छान चाललेले असतात. माझा कल सतत, पण थोड्या प्रमाणात ठेवण्याकडे आहे. पाण्याला पिवळसर झाक देणारी सेंद्रिय द्रव्यं कार्बन ओढून घेतो. लेदर नावाच्या कोरलासारखी मऊ कोरलं शेजाऱ्यांना हटवायला पाण्यात जी रसायनं सोडतात, तीही तो कमी करतो. मऊ आणि कडक कोरलं एकाच टँकमध्ये असतील तर मी कार्बनशिवाय राहणार नाही.

दोन ते चार आठवड्यांनी बदला. फॉस्फेटसारखी सोपी चाचणी इथे नाही, पण एक घरगुती युक्ती आहे. पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी आणि शेजारच्या बादलीत ताजं मिठाचं पाणी, दोन्ही सारख्या उंचीला भरा आणि वरून बघा. टँकच्या पाण्यात पिवळी छटा दिसली की कार्बनचा जीव गेलाय.

आजवर कधीच कार्बन वापरला नसेल तर पहिल्यांदा चिमूटभरच घाला. पाणी एकदम काचेसारखं झालं की कोरलांवर पडणारा प्रकाश वाढतो आणि सावलीला सरावलेली कोरलं फिकी पडतात. लोक मग दोष कार्बनला देतात. त्या आठवड्यात दिवे थोडे मंद करा.

कार्बन आणि जीएफओ एकाच रिअॅक्टरमध्ये मिसळले तर?

चालतं. पण दोघांची चाल वेगळी, संपायची वेळ वेगळी, आणि एक संपला की दुसरा कामाचा असूनही फेकावा लागतो. दोन नळकांडी एकामागे एक लावणार असाल तर आधी कार्बन, मग जीएफओ. सेंद्रिय घाण कार्बनमध्ये अडकली की जीएफओच्या दाण्यांवर तिचा लेप बसत नाही.

बायोपेलेट कसे काम करतात?

बायोपेलेट म्हणजे जिवाणूंना खाता येईल अशा पॉलिमरचे मणी. जिवाणू त्यातला कार्बन खातात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट वापरतात. मणी लोळतात, त्यांच्यावरचा जिवाणूंचा थर सुटून बाहेर पडतो आणि स्किमर तो उचलतो. म्हणून रिअॅक्टरची बाहेरची नळी स्किमरच्या तोंडाशी नेणं ही यातली मुख्य गोष्ट. स्किमर लहान किंवा आजारी असेल तर बायोपेलेटच्या वाटेला जाऊ नका. तो चिकट थर टँकमध्ये पसरतो, पाणी दुधाळ दिसतं, आणि सायनोचे (सायनोबॅक्टेरियाचे) लालसर पडदे वाळूवर चढायला लागतात.

सुरुवात पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने. पहिले चार-सहा आठवडे काहीच होत नाही असं वाटतं, कारण जिवाणूंची वस्ती बसायची असते. घाई करून मात्रा वाढवली की वस्ती बसते त्या आठवड्यात सगळं एकदम कोसळतं. मणी हळूहळू झिजत जातात, तेव्हा सगळे बदलायचे नसतात, वरून भर घालायची.

बायोपेलेट लावल्यावर नायट्रेट शून्यावर आलं, फॉस्फेट जागचं हललं नाही. का?

जिवाणूंना दोन्ही लागतात आणि ठरलेल्या प्रमाणात लागतात. समुद्रातल्या प्लवकांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात सापडतात हे समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडलं. कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं १०६:१६:१ हे प्रमाण त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ते अणूंचं प्रमाण आहे. आपल्या टेस्ट किटच्या भाषेत आणलं तर १ पीपीएम फॉस्फेटमागे साधारण १० पीपीएम नायट्रेट खर्च होतं.

आता तुमच्या टँकमध्ये नायट्रेट २ आणि फॉस्फेट ०.५ असेल तर गणित बघा. नायट्रेट संपेपर्यंत फॉस्फेट फार तर ०.२ ने उतरेल. पुढे जिवाणूंची वाढ थांबते आणि फॉस्फेट जिथल्या तिथे. शिवाय मण्यांच्या आतल्या, ऑक्सिजन नसलेल्या भागात नायट्रेट फॉस्फेटविनाही मोडलं जातं, म्हणजे प्रत्यक्षात तफावत आणखी मोठी. अशा टँकला बायोपेलेट कमी करून थोडा जीएफओ लावणं हा सरळ मार्ग. प्रमाण अगदी नेमकं जुळवण्याच्या नादाला मात्र लागू नका. ते अंदाज घेण्यासाठी आहे, टँकने ते पाळलंच पाहिजे असं नाही.

फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्य आले तर उत्तमच ना?

उत्तम अजिबात नाही. कोरलांच्या आतल्या शैवालालाही खत लागतं. दोन्ही शून्यावर राहिले की कोरलं फिकी, राखाडी होतात आणि रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) शिरतात. तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यांत अडकलेले बुडबुडे, सकाळी कमी आणि संध्याकाळी भरपूर. हे हटवणं फॉस्फेट उतरवण्यापेक्षा कितीतरी कठीण. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ च्या आसपास, एवढ्यावर मी समाधानी असतो.

पंप कसा निवडायचा? व्हॉल्व्ह आत की बाहेर?

रिअॅक्टर बनवणाऱ्याने सांगितलेल्या क्षमतेचा छोटा पंप घ्या आणि त्याच्या तोंडाला स्पंज ठेवा. नाहीतर सम्पमधला कचरा थेट मीडियात जाऊन बसतो. स्वतंत्र छोट्या पंपावर व्हॉल्व्ह कुठेही चालतो. रिटर्न पंपाच्या (सम्पमधलं पाणी टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) मॅनिफोल्डवरून, म्हणजे फाटे असलेल्या नळीवरून, पाणी घेत असाल तर व्हॉल्व्ह आत येणाऱ्या बाजूला हवा. बाहेरच्या बाजूला लावून आवळला तर पंपाचा सगळा दाब नळकांड्यात कोंडतो आणि झाकण गळायला लागतं.

वीज गेली होती. रिअॅक्टर तसाच परत चालू करू का?

अर्धा-एक तास गेली असेल तर खुशाल. पाच-सहा तास बंद होता आणि आत बायोपेलेट आहेत, तर थांबा. बंद नळकांड्यात जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. बाहेरची नळी बादलीत सोडा, मग पंप लावा. सडक्या अंड्याचा वास आला तर ते पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका, आतलं सगळं पाणी दोनदा बदलून जाईपर्यंत बादलीतच काढा. रिअॅक्टर टँकच्या काठावर टांगलेला असेल तर पंप बंद झाल्यावर पाणी उलटं वाहतं का, हेही एकदा मुद्दाम पंप बंद करून तपासून घ्या.

झाकण कितीही आवळलं तरी गळतं.

आवळणं थांबवा, झाकण तडकेल. ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) काढा, बोटांमध्ये धरून पूर्ण फिरवा. दहात नऊ वेळा तिथे जीएफओचा एखादा दाणा सापडतो, मोहरीपेक्षा लहान. रात्रभर टपकून कपाटाचा तळ भिजवायला तेवढा पुरतो. खाच ओल्या कापडाने पुसा, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि हातानेच बंद करा. पेट्रोलियम जेली लावू नका, तिने काही प्रकारचं रबर फुगतं.

सफाई कशी आणि किती वेळा?

मीडिया बदलताना दर वेळी स्पंज धुवा, दोन-तीन बदलांनंतर नवे घाला. बुजलेला स्पंज हे प्रवाह मंदावण्याचं नेहमीचं कारण आहे आणि लोक त्यासाठी पंप बदलतात. तीन-चार महिन्यांनी नळकांडं, मधली नळी आणि पंप पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन तासभर भिजवा. साबण नको. अॅक्रिलिकला अल्कोहोल आणि उकळतं पाणीही नको, बारीक तडे जातात.

कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे हाच का?

दिसायला भाऊ, काम उलटं. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून आतला पीएच साधारण ६.५ ते ६.८ वर आणतात आणि अॅरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचे दाणे) विरघळवून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टँकला देतात. मीडिया रिअॅक्टर पाण्यातून काढून घेतो, हा पाण्यात घालतो. याचे प्रश्न वेगळे आहेत.

वापरलेला जीएफओ धुऊन परत वापरता येतो का?

तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडने फॉस्फेट सोडवता येतं. पण ते द्रावण डोळ्यात उडालं तर डोळा जातो, आणि नीट धुतलं गेलं नाही तर टँकचा पीएच. मी करत नाही.

आठवडाभर बाहेर जायचंय. जाण्याआधी मीडिया बदलून ठेवू?

उलट, जाण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत रिअॅक्टरला हातच लावू नका. ताजा मीडिया पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जोरात काम करतो आणि नेमकं तेव्हा बघायला कोणी नसतं. ओ-रिंगखाली राहिलेला दाणाही तेव्हाच टपकायला लागतो. दमलेला जीएफओ आठवडाभर तसाच राहिला तर फॉस्फेट थोडं चढेल, एवढंच. आल्यावर दोन नमुने घ्या आणि मग ठरवा.